हिशेबाबाहेरचे घेणे

ओझरच्या विघ्नेश्वराच्या शिखरावर सोने चढवले ते चिमाजी अप्पांनी, वसई घेऊन आल्यावर, असे कुकडीकाठी सांगतात. सांगणारा बहुधा तेवढ्यावर थांबत नाही. 'वसईच्या लुटीतून' एवढे शब्द जोडूनच पुढे जातो. ते म्हणताना त्याचा आवाज खाली येत नाही, आणि देवळाच्या प्राकारात हा शब्द उच्चारू नये असे ऐकणाऱ्यालाही वाटत नाही. हाच शब्द इंग्रजीत गेला, तिथे आधी नाम आणि मग क्रियापद झाला, आणि आज लंडनच्या एखाद्या संग्रहालयातील वस्तूबद्दल कोणी तो वापरला तर संग्रहालयाला वकील गाठावा लागतो. एकाच शब्दाला दोन भाषांत इतके वेगळे वजन का यावे, हा या पुस्तिकेचा विषय आहे. इंग्रजीतले 'लूट' हे क्रियापद आपल्याकडून गेले, हे आता शाळकरी मुलेही सांगतात. ते कोणाबरोबर गेले, कोणत्या कामासाठी गेले आणि जाताना काय मागे ठेवून गेले, याची चौकशी मात्र फारशी होत नाही.

माझे म्हणणे आधीच मांडतो, म्हणजे पुढची पाने वाचताना वाचकाला त्याच्याशी भांडता येईल. लुटणे या क्रियापदाच्या गाभ्याशी जबरदस्ती आहे असे आपण धरून चालतो. मला तिथे मोजदादीचा अभाव दिसतो. जे ठरवून, मोजून, कागद करून घेतले ते आपल्या जुन्या व्यवहारात खंडणी असे, चौथाई असे, पट्टी किंवा नजराणा असे. त्यात बळजबरी पुरेपूर असली तरी त्याला लूट म्हणत नसत. जिथे घेणाऱ्याच्या हाताला माप उरत नाही तिथे लूट सुरू होते. इंग्रज शिपायांनी हा शब्द उचलला तोही याच अर्थासाठी, असे मी पुढे दाखवणार आहे. नंतर त्यांच्या भाषेत तो 'हक्क नसताना घेणे' एवढ्यापुरता आकसला, आणि तो आकसलेला अर्थ पाठ्यपुस्तकांतून आणि वर्तमानपत्रांतून आपल्याकडे परत आला. आपल्या इतिहासावरचे काही कडाक्याचे वाद या परतीच्या प्रवासातून जन्मले आहेत.

आधी व्युत्पत्तीचा गुंता थोडक्यात उरकतो, कारण त्यात एक चूक बरीच फिरते. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी १८८६ मध्ये 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश काढला. त्यात त्यांनी या शब्दाचे मूळ संस्कृत 'लोप्त्र', म्हणजे चोरीचा माल, आणि 'लुप्' या धातूकडे नेले. पुष्कळ इंग्रजी कोश अजून तेच सांगतात. पण लोप्त्र प्राकृतातून उतरत आले तर त्यातला त दंत्यच राहायला हवा. मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली या साऱ्या भाषांत मात्र ट आहे, आणि तो कुठेही डळमळत नाही. त्यामुळे 'लुण्ट्' किंवा 'लुण्ठ्' हा धातूच मूळ मानणे अधिक सयुक्तिक. 'हॉब्सन-जॉब्सन'च्या १९०३ च्या आवृत्तीत विल्यम क्रूक यांनी तशी दुरुस्तीही केली. इंग्रजाच्या जिभेला त आणि ट यांतला भेद कळत नाही, म्हणून ही खूण तिथे बुजली. ज्याच्या कानाला हे दोन वर्ण वेगळे ऐकू येतात त्याला ती लगेच सापडते. आपल्याकडे क्रियापद आधीचे आणि नाम त्याच्यावरून आलेले. इंग्रजांनी नाम नेले आणि त्याचेच पुढे क्रियापद केले, लुटणेतला 'णे' त्यांच्या उपयोगाचा नव्हताच.

हा शब्द मराठीतून गेला असा दावा अधूनमधून अभिमानाने केला जातो. तो मला टिकाऊ वाटत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या छावणीची भाषा हिंदुस्तानी होती, आणि शब्दाचे रूप तिथलेच आहे. मात्र छावणीतला गोरा शिपाई हा शब्द ज्यांच्याविषयी बोलताना वापरत होता, त्यांत मराठी फौजा आणि त्यांच्यामागून धावणारे पेंढारी बरेच होते. १७४१ पासून दशकभर नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात राहिल्या. तिथल्या लोकांनी आपला 'बारगीर' हा शब्द 'बर्गी' म्हणून भीतीच्या खात्यात टाकला, आणि कलकत्त्याच्या इंग्रजांनी १७४२ मध्ये शहराभोवती मराठा खंदक खणायला घेतला. रूप हिंदुस्तानी आणि डोळ्यांपुढची माणसे पुष्कळदा मराठी, एवढाच आपला वाटा. तो लपवण्यासारखा नाही आणि मिरवण्यासारखाही नाही.

आता काळाकडे पाहू, कारण खरी साक्ष काळाची आहे. शिवाजी महाराजांनी सुरत पहिल्यांदा १६६४ च्या जानेवारीत लुटली. इंग्रजांची वखार तिथेच होती, तिचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन हत्यारबंद माणसे घेऊन दारात उभा राहिला होता, आणि त्या दिवसांची इंग्रजी पत्रे आणि वृत्तांत उपलब्ध आहेत. वखारीभोवतीच्या गल्ल्यांत हा शब्द तोंडोतोंडी असणार. तरीही इंग्रजीने तो तेव्हा घेतला नाही. कोशकारांना इंग्रजीत 'लूट'ची नोंद सापडते ती त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, १७८८ मध्ये लंडनला छापलेल्या हिंदी शब्दांच्या एका छोट्या यादीत. क्रियापद म्हणून तो रुळला एकोणिसाव्या शतकात. १६६४ आणि १७८८ यांच्या दरम्यान काय बदलले? १६६४ चा इंग्रज या देशात माल विकत घेणारा होता. १७८८ चा इंग्रज फौज बाळगणारा, किल्ले पाडणारा आणि राज्ये घेणारा होता. व्यापाऱ्याला या शब्दाची गरज पडली नव्हती, शिपायाला पडली.

गरज कसली, हा पुढचा प्रश्न. इंग्रजीत या अर्थाच्या शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता. फ्रेंचांकडून आलेला 'पिलेज' होता, जुना 'बूटी' होता, आणि 'प्लंडर' तर युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धातून, १६१८ ते १६४८ च्या धामधुमीत, जर्मन भाषेतून आला होता. म्हणजे लुटीचा शब्द मोहिमेवरून घरी आणायची इंग्रजांची सवय जुनीच. यावरून एक आक्षेप सहज निघतो: शिपाई जिथे जातो तिथली शिवी आणि तिथला चोरीचा शब्द उचलतो, यात शोधण्यासारखे काय आहे? आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. शिपायाने शब्द का उचलला हे त्यातून कळते. तो टिकला का, हे कळत नाही. उचललेले शब्द पलटणीबरोबर शेकड्यांनी येतात आणि पलटणीबरोबर मरतात. 'लूट' टिकला, कारण कंपनीच्या सैन्यात त्याला रोजचे काम होते. ते काम समजून घ्यायचे तर त्याच्या शेजारी बसलेला एक कायद्याचा शब्द पाहावा लागतो: 'प्राइझ'.

युद्धात जिंकलेली मालमत्ता इंग्रज कायद्यानुसार राजाची. राजा ती कृपा म्हणून सैन्याला देई, आणि हुद्द्याप्रमाणे तिचे वाटे पडत. त्यासाठी फौजेत 'प्राइझ एजंट' नेमलेले असत. ते माल ताब्यात घेत, यादी करीत, लिलाव करीत आणि वाटणी लावीत. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला, आणि त्या रात्री शिपायांनी शहर धुऊन काढले. दुसऱ्या दिवशी आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याच्याकडे बंदोबस्त आला. त्याने काही लुटारूंना फासावर चढवले, काहींना फटके दिले, आणि शहर शांत केले. मग टिपूच्या खजिन्याची रीतसर वाटणी झाली. एकाच शहरातून, एकाच आठवड्यात, एकाच फौजेने उचललेला माल. त्यातला काही फासाला कारण ठरला आणि काही बक्षीस म्हणून खिशात गेला. दोहोंत फरक यादीचा होता. यादीत आलेले ते प्राइझ. यादीबाहेर, झोळीत आणि पगडीत दडवून नेलेले ते लूट. कंपनीच्या शिपायाला हा फरक बोलून दाखवायला एक शब्द हवा होता. 'प्लंडर'मध्ये दोन्ही मिसळून जात. देशी शब्दात तो फरक मुळातच होता.

महाराष्ट्राला या व्यवस्थेची ओळख लवकरच झाली. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, दुसरा बाजीराव पुणे सोडून पळाला. पुढच्या वर्षी शिवनेरी, चावंड, जीवधन हे जुन्नर भागातले किल्लेही इंग्रजांकडे गेले. पेशव्यांची जी मालमत्ता हाती आली तिला 'डेक्कन प्राइझ' असे नाव पडले. नासक हिरा म्हणून जगभर फिरलेला हिरा त्यातलाच. वाटणीवरून दोन इंग्रज सेनापतींत जुंपली: प्रत्यक्ष दख्खनेत लढलेल्या सर थॉमस हिस्लॉपच्या सैन्यालाच हिस्सा मिळावा, की दूर उत्तरेत असलेल्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या फौजेलाही? हे भांडण इंग्लंडात वर्षानुवर्षे चालले. विश्वस्त म्हणून नेमला गेला तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन, तोच श्रीरंगपट्टणचा वेलस्ली. लाखो रुपयांच्या त्या वादात कोणत्या पलटणीचा किती हक्क यावर कागदांचे ढीग लागले. माल कोणाचा होता, हा प्रश्न त्या ढिगांत जवळपास सापडत नाही.

तो प्रश्न एका वेगळ्या खटल्यात पुढे आला. पेशव्यांचे रायगडचे किल्लेदार नारो गोविंद औटी किल्ला गेल्यावर पुण्यात आपल्या घरी नजरकैदेत राहत होते. लढाई पुण्यापासून दूर गेलेली होती. तरीही इंग्रज प्रशासक माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या अमलाखाली त्यांच्या घरातली संपत्ती जप्त झाली. औटींच्या पश्चात त्यांच्या इस्टेटीचे व्यवस्थापक अमरचंद बद्रीचंद यांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि तिथे ते जिंकले. १८३० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हा निकाल फिरवला. मत असे पडले की जप्ती ही युद्धातली कृती होती, म्हणून दिवाणी कोर्टाला तिच्यात बोट घालता येत नाही. या निकालाची मेख पाहण्यासारखी आहे. जप्ती न्याय्य होती असे कोर्ट म्हणत नाही. ती तपासण्याचा आपल्याला अधिकार नाही, एवढेच म्हणते. औटींच्या घराण्याने आपसात त्या प्रसंगाला काय म्हटले असेल याचा अंदाज करायला कोश लागत नाही. इंग्रजांच्या दप्तरात मात्र तिथे 'लूट' हा शब्द बसू शकत नव्हता. का, तर जप्ती करणाऱ्याने हिशेब ठेवला होता.

हेच नाटक १८५८ मध्ये बुंदेलखंडात पुन्हा झाले, आणि तिथेही घर मराठीच होते. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव यांचे घराणे चित्रकूटजवळच्या करवीला स्थायिक झाले होते. जनरल व्हिटलॉकच्या फौजेने तिथला खजिना ताब्यात घेतला. हिस्सेदार इतके निघाले की प्रकरण लंडनच्या ॲडमिरल्टी कोर्टात गेले आणि १८६६ मध्ये डॉक्टर लशिंग्टन यांनी त्यावर भला दांडगा निकाल दिला. त्या निकालात समुद्रावरचे ते प्राइझ आणि जमिनीवरचे ते बूटी अशी काटेकोर परिभाषा आहे. त्याच दशकात लंडनच्या वर्तमानपत्रांच्या वाचकाला 'लूट' हा शब्द परिचयाचा झाला होता. दिल्ली आणि लखनौच्या बातम्यांनी तो १८५७-५८ मध्ये घरोघर पोहोचवला. १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा बादशाही उन्हाळी महाल लुटला, तेव्हा तिथे सापडलेले एक पेकिनीज जातीचे कुत्रे राणी व्हिक्टोरियाला भेट दिले गेले आणि त्याचे नाव ठेवले 'लूटी'. कोर्टाच्या निकालात या शब्दाला जागा नव्हती, राजवाड्यातल्या कुत्र्याच्या गळ्यात होती. माझ्या मते इंग्रजीतल्या 'लूट'चा सगळा स्वभाव या एका नावात दिसतो: चहाच्या वेळी हसत उच्चारायचा, सहीच्या कागदावर कधीच न लिहायचा शब्द.

अलीकडे एक मत लोकप्रिय झाले आहे. कंपनीने हिंदुस्थान लुटला, म्हणून 'लूट' हा शब्द इंग्रजीत गेला, आणि शब्दाचा प्रवास हाच गुन्ह्याचा पुरावा, असे ते मत. भावना मला समजते. पुरावा मात्र तसे सांगत नाही. कंपनीने या देशातून नेले त्यातले फार मोठे धन हिशेबाच्या वह्यांतून गेले: जमीनमहसूल, पगार, पेन्शन, व्याज, लंडनचा खर्च. दादाभाई नौरोजींना हे नेमके कळले होते. म्हणून त्यांनी आयुष्यभर ज्या शब्दाची कास धरली तो निचऱ्याचा होता, आणि १९०१ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडले. जे आकड्यांतून गेले ते आकड्यांनीच सिद्ध करावे लागते. इंग्रजांनी 'लूट' हा शब्द आपल्या मुख्य उद्योगासाठी घेतलाच नाही. उद्योगाच्या कडेला जे सांडत होते, त्याच्यासाठी घेतला. त्यामुळे मुख्य उद्योग स्वच्छ दिसत राहिला. यामागे कोणाचा कट होता असे मी म्हणत नाही. भाषेत असे वाटप कट न करताही होते. ज्याला जो शब्द सोयीचा तो त्याच्या तोंडी बसतो.

इथे मराठी वाचक विचारेल, आपले लोक काय निराळे होते? निराळे नव्हते, आणि माझ्या मुद्द्याला त्यानेच बळ मिळते. १६५७ च्या एप्रिलअखेर शिवाजी महाराज दोरांच्या शिड्यांवरून रात्री जुन्नर शहरात उतरले. तीन लक्ष होन, दोनशे घोडे, शिवाय कापड आणि जडजवाहीर, असा ऐवज तिथून निघाला. आकडे आपल्याला ठाऊक आहेत, कारण ते लिहून ठेवले गेले. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या फौजेची शिस्त वर्णिली आहे: मोहिमेवर निघताना प्रत्येकाजवळच्या वस्तूंची नोंद, परतल्यावर झाडा, आणि मिळालेला ऐवज सरकारात जमा. प्राइझ एजंटाचे काम इथे कारकून करीत होता, आणि शिपायाला परस्पर काही ठेवता येत नव्हते. पेंढाऱ्यांची तऱ्हा उलटी. त्यांना पगार नसे, मिळेल ते त्यांचे. सरदार त्यांच्याकडून पालपट्टी घेत, म्हणजे बेहिशेबी कमाईवर हिशेबी कर. मराठी राज्यालाही आत आणि बाहेर अशी रेघ ओढावीच लागली.

मग जुन्नरच्या प्रसंगाला लूट का म्हणायचे? सरकारदरबारी तर सगळे मोजलेले होते. माझ्या मांडणीवरचा हा सर्वांत अवघड आक्षेप आहे. त्याचे उत्तर सुरतेत मिळते. सुरतेवर जाताना महाराजांनी आधी सुभेदार इनायतखान आणि शहरातले तीन बडे व्यापारी यांना निरोप धाडला की येऊन खंडणी ठरवा. कोणी आले नाही, तेव्हा शहर लुटले गेले. १६७० मध्ये दुसऱ्यांदा लुटल्यावर बजावले की दरसाल बारा लाख रुपये पोहोचवा, म्हणजे पुन्हा येणे होणार नाही. यातून जुन्या व्यवहाराची चौकट स्पष्ट दिसते. आकडा ठरला तर खंडणी, आणि मग शहराला हात लागत नाही. आकडा ठरला नाही तर लूट, आणि मग मर्यादा उरत नाही. मोजदाद पाहायची ती ज्याच्याकडून घेतले त्याच्या बाजूने. सरकारच्या वहीत तीन लक्ष होन जमा झाले, पण जुन्नरच्या सावकाराला आपण नेमके किती देणे लागतो हे त्या रात्री कोणी सांगितले नव्हते. तो जागा झाला तेव्हा घरात शिरलेल्या हातांना माप नव्हते. इंग्रजांचे प्राइझही औटींच्या घरच्यांसाठी याच अर्थाने लूट होते. दोन्हीकडे वही घेणाऱ्याची होती.

आता या क्रियापदाच्या त्या अर्थाकडे येतो जो इंग्रजीने मागेच ठेवला. संक्रांतीच्या दिवसांत जुन्नरपासून तालुक्याच्या शेवटच्या गावापर्यंत बायका 'वाण लुटतात'. घेणारी नव्हे, देणारी लुटते. आरशा-कंगव्यापासून स्टीलच्या वाट्यांपर्यंत जे ठरवले असेल ते येईल त्या सवाष्णीच्या हाती जाते, आणि त्या देण्याला लुटणे हेच क्रियापद लागते. बोरन्हाणात लहानग्याच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, हलवा, गोळ्या ओततात. खाली जमलेली पोरे ती लुटतात आणि ओतणाऱ्या आईला तेच हवे असते. दसऱ्याला आपट्याची पाने सोने म्हणून लुटायची. त्यामागे रघुराजा आणि कौत्स यांची कथा आहे: कुबेराने झाडांवर सोन्याचा पाऊस पाडला, कौत्साने गुरुदक्षिणेचे चौदा कोटी तेवढे मोजून घेतले, आणि उरलेले लोकांनी लुटले. कथेत मोजणारा आणि लुटणारे शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांत पापी कोणीच नाही. ज्याने मोजले त्याच्या घेण्याला वेगळे क्रियापद लागले, एवढेच. लयलूट म्हणजे विपुलता, मौज लुटणे म्हणजे मन भरेपर्यंत उपभोग. या सर्वांत जबरदस्ती शोधू गेले तर सापडत नाही, अमाप हे विशेषण मात्र प्रत्येक ठिकाणी चपखल बसते.

याला उत्तर म्हणून कोणी म्हणेल की हे सगळे लाक्षणिक वापर आहेत, मूळ अर्थ दरोड्याचाच, सणांत तो गमतीने आला. शक्य आहे. संस्कृत धातूचा अर्थ चोरीचाच आहे, हे मी नाकारत नाही. पण लक्षणा कोणत्या दोरीला धरून चालते हे पाहिले पाहिजे. दरोड्यातले भय, दुखापत, पळापळ यांपैकी काहीच वाण लुटताना सोबत आले नाही. आली ती बेहिशेबीपणाची बाजू. मराठी बोलणाऱ्यांच्या मनात या क्रियापदाचा कणा कोणता हे त्यावरून कळते. मूळ शोधणारा धातू पाहतो, वापर शोधणाऱ्याने कणा पाहावा. वाण मोजूनच आणलेले असते, पाच किंवा अकरा, असेही कोणी म्हणेल. खरे आहे, मोजली जाते ती वस्तू, घेणारी मात्र नाही. बोलावलेली, न बोलावलेली, सोबत आलेली, सगळ्यांना ते मिळते.

कॅप्टन मोल्सवर्थने १८३१ मध्ये मुंबईत आपला मराठी-इंग्रजी कोश छापला आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. मराठीचा संसार त्याला बारकाईने ठाऊक होता. पण शब्द इंग्रजीत जातात ते कोशकारांच्या हातून क्वचितच. 'लूट' छावणीतून गेला, आणि छावणीत संक्रांतीचे हळदीकुंकू होत नव्हते. ज्यांनी नेला त्यांनी त्याची देणारी बाजू कधी पाहिलीच नव्हती, म्हणून ती नेता येणेही शक्य नव्हते.

गेल्या शतकात शब्द परत आला तेव्हा तो फक्त घेणारी बाजू घेऊन आला. इंग्रजी इतिहासग्रंथांतून वाचून आपण 'सुरतेची लूट' असे म्हणू लागलो आणि त्या दोन शब्दांत आरोप ऐकू लागलो. २०२४ मध्ये महाराष्ट्रात यावरून राजकीय खडाजंगी झाली. महाराजांनी सुरत लुटलीच नाही असे एका बाजूने म्हटले गेले, आणि दुसऱ्या बाजूने पुरावे काढून दाखवले गेले. दोन्ही बाजू, मला वाटते, इंग्रजी 'लूट'शी झुंजत होत्या. सतराव्या शतकातल्या मराठी लेखणीला हे क्रियापद लिहिताना संकोच नव्हता, कारण तिच्या लेखी ते न्यायनिवाड्याचे क्रियापद नव्हते. खंडणी न ठरल्यास काय होते याचे ते नाव होते. संकोच आला तो नंतर, दुसऱ्याच्या चष्म्यातून. याचा अर्थ जुन्नरच्या सावकाराचे दुःख कमी होते असा नाही. त्याच्यासाठी रात्र तीच होती, नाव काहीही असो.

वसईच्या बाबतीत तर हा चष्मा अगदीच नडतो. मे १७३९ च्या तहात पोर्तुगीजांना सन्मानाने, कुटुंबकबिला आणि हलवता येईल ते सामान घेऊन बाहेर पडायला आठवडाभराची मुदत मिळाली होती. म्हणजे शहर शब्दशः लुटले गेले नाही. अटी ठरल्या, त्या पाळल्या गेल्या. मागे राहिल्या त्या तोफा, इमारती आणि चर्चच्या घंटा. आंबेगावच्या डोंगरांलगत भीमाशंकरला, नाशिकला नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला या घंटा आजही आहेत. इंग्रजी कायद्याने पाहिले तर त्या रीतसर युद्धप्राप्ती ठरतात, आजच्या संग्रहालयांच्या भाषेत त्यांना दुसरे काही म्हणतील. लोकांनी त्यांना 'वसईच्या लुटीतल्या' म्हटले ते या दोहोंपैकी कोणत्याच अर्थाने नव्हे. गाव त्यात विपुलता ऐकते, आणि वाटप ऐकते: एका विजयाचे धन कितीतरी देवळांत पोहोचले. पुढच्या प्रकरणांत या घंटांचा मागोवा स्वतंत्रपणे घेतला आहे, म्हणून इथे लांबवत नाही.

१९०७ च्या हेग कराराने युद्धातल्या लुटीला बंदी घातली. त्याच्या इंग्रजी मजकुरात शब्द आहे 'पिलेज'. जवळपास सव्वाशे वर्षे इंग्रजीत काढूनही आपल्या शब्दाला कायद्याच्या कागदावर जागा मिळाली नव्हती. गंमत अशी की त्याला नवी जागा मिळाली ती मोबाइलच्या पडद्यावर. आज नारायणगाव-ओझरची मुले ज्या लढाईच्या गेम खेळतात त्यांत रिकाम्या घरांतून बंदुका, औषधे, चिलखते गोळा करण्याला 'लूट' म्हणतात, आणि एकमेकांना ओरडून सांगतात, 'आधी लूट कर, मग पुढे ये.' तिथे मालक नाही, फिर्यादी नाही, पाप नाही. पसरलेले आहे आणि वेळ संपायच्या आत उचलायचे आहे. अर्थाने हे क्रियापद श्रीरंगपट्टणपेक्षा बोरन्हाणाच्या जवळ आहे. इंग्रजीला तिथवर पोहोचायला सव्वादोनशे वर्षे लागली, आणि ती मुले हा शब्द इंग्रजी समजूनच वापरतात.